मामाला झोप लागली

या घराची एक जुनी रीत होती. एखाद्या माणसाविषयी काही ठरवायचं झालं, की त्याला आधी झोपवत.

म्हणजे तसं खरंखुरं झोपवत नसत. घराला लागूनच गाद्यांचा कारखाना होता. नवी गादी शिवून झाली की घरातल्या कुणीतरी तिच्यावर पाठ टेकून ती पास करायची, हा बाबांनी घालून दिलेला नियम. गिऱ्हाइकाच्या आधी आपली पाठ! त्याच नियमाला बाबांनी पुढे एक शेपूट जोडलं. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याने कारखान्यात जाऊन नव्या गादीवर डोळे मिटून पडायचं. मधलं दार अर्धवट उघडं ठेवायचं. बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत बसून काय ते बोलायचं, पण पलीकडे ऐकू गेलं तरी चालेल असंच बोलायचं. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही आणि पाठीमागे बोलणं बरं दिसत नाही, त्यातून त्यांनी काढलेली ही मधली वाट. पडलेल्याने सगळं ऐकायचं, साधं खोकायचंही नाही. आणि एकदा तो उठला की विषय संपला. त्याने काही विचारायचं नाही, कुणी काही पुन्हा सांगायचं नाही. बाहेरच्या लोकांना हा निव्वळ वेडेपणा वाटला असता. या घरातल्यांना मात्र त्याशिवाय कुणाचं भलं करताच येत नसे.

तर शनिवारी दुपारची जेवणं उरकली, ताटं उचलली गेली, आणि आईने हात पुसत पुसत थोरल्या मुलाला सांगितलं, "जा. खिडकीखालची गादी झालीय. पड जरा."

थोरला म्हणजे मामा. खरं तर तो एकाच मुलाचा मामा; पण त्या मुलाने लहानपणी मैदानाच्या कठड्यावर उभं राहून "मामा, मार!" असा टाहो फोडला, शेजारच्या चार जणांनी तो उचलला आणि बघता बघता सगळं मैदान त्याला मामा म्हणायला लागलं. आता विरुद्ध संघाचे बचावपटूसुद्धा, त्याचा शर्ट ओढता ओढता, "मामा, सॉरी हं" म्हणायचे. नऊ नंबरचा शर्ट, दंडावर कर्णधाराचा पट्टा आणि समोर गोल. चाळिशी दारात येऊन उभी राहिली, तरी तिला आत घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं.

उद्या अंतिम सामना होता. संघाचा कोच म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. आणि ज्याला नऊ नंबर द्यायचा असं गावभर बोललं जात होतं, तो बहिणीचा मुलगा, कठड्यावरून ओरडणारा तोच भाचा. म्हणजे मामाला बसवून त्याच्या जागी मेहुण्याने आपल्याच पोराला उभं करायचं. इकडे आड, तिकडे विहीर. कोचने आठवडाभर झोप घेतली नव्हती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मामा उठला. "गादी कुणाची आहे?" त्याने उगाच विचारलं.

"आत्ता तुझी," आई म्हणाली.

कारखान्यात दुपारचं ऊन उंच खिडकीतून तिरपं खाली आलं होतं आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. ते कधी खाली बसायचेच नाहीत. यंत्र बंद असलं, दारं बंद असली, तरी कुठल्या तरी न जाणवणाऱ्या वाऱ्यावर ते वरखाली करत राहायचे. लहानपणी मामाला वाटायचं, की रात्री सगळे झोपले म्हणजे हे तंतू खाली उतरून गाद्यांवर झोपत असतील. तो गादीवर आडवा झाला, डावा गुडघा जपून सरळ केला आणि डोळे मिटले. कोऱ्या कापसाचा उबदार वास आला. पाठीला टाके लागत होते, एकसारखे, घट्ट. बहिणीचा हात. कारखाना तीच बघायची.

पलीकडे खुर्च्या सरकल्या. मामाने कान टवकारले. या कामात तो मुरलेला होता. शिक्षण सोडून फुटबॉल खेळायचं ठरवलं तेव्हा त्याला असंच झोपवलं होतं, लग्नाच्या वेळीही झोपवलं होतं. दोन्ही वेळा पापणी न हलवता त्याने अख्खा निकाल ऐकला होता.

"मी आधीच सांगतो," कोचचा आवाज आला, "आत्ता मी नवरा नाही, बाप नाही, जावईसुद्धा नाही. कोच आहे."

"जावई नाही म्हणता, मग मघाशी तिसऱ्यांदा वाढून कुणी घेतलं?" आई म्हणाली.

"आई, थट्टा नको ना. दादांचा पाय उरला नाहीये. मागच्या सामन्यात त्यांच्यासमोरून चेंडू गेला, मी बघितलं. पूर्वी तो त्यांनी डोळे झाकून घेतला असता."

"एक चेंडू गेला म्हणून माणूस गेला का?" ही बहीण. तिचा आवाज चढला होता. "तुमच्या पोराला बूट बांधायला कुणी शिकवलं? तुम्ही कोच, पण तुम्हाला वेळ कुठे होता? दादाने शिकवलं. आता त्याच बुटांनी त्याला बाहेर काढा."

"अगं, आपल्याच मुलाविरुद्ध बोलतेयस तू!"

"बोलतेय! आई आहे त्याची, वकील नाही."

मामाला मिटल्या डोळ्यांनीच हसू आलं. बहीण आपल्या बाजूने येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि आई आपल्या बाजूने असेल असं जे वाटत होतं, तेही खोटं ठरलं. आई म्हणाली, "पोराचे दिवस आहेत. झाड कितीही लाडकं असलं तरी त्याच्या सावलीत दुसरं वाढत नाही." मग भाचा काहीतरी पुटपुटला, ते ऐकू आलं नाही. "मोठ्याने बोल," आईने नातवाला दटावलं. "आत ऐकू जायला हवं." पण पोराने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

डोळ्यांवर ऊन आलं होतं, पापण्यांच्या आत सगळं केशरी झालं होतं. मामाला बाबा आठवले. त्याच्याआधी या रीतीने शेवटचे झोपले ते बाबाच. त्यांचे हात थरथरायला लागले होते, दाभण बोटात जायचं. तेव्हा कारखाना त्यांच्याकडे ठेवायचा की बहिणीने घ्यायचा, हे ठरवायचं होतं. मामा त्या दिवशी बाहेरच्या खोलीत होता. घसा ताणून बोलला होता, की टाके दुसरे घालतील, पण गादी बघायची ती बाबांच्याच पाठीने. सगळ्यांनी मान डोलावली, आईला रडू फुटलं. कारखाना बाबांकडेच राहणार असं एकमताने ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर, चहाच्या कपांमध्ये आणून ठेवला आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेवटपर्यंत तिथेच बसले. कुणाला काही बोलता आलं नाही. नियम होता ना! एवढं सगळं ऐकूनही बाबा का उठून गेले, हा प्रश्न मामाच्या मनात आजवर कुसळासारखा रुतून होता.

"सूनबाई, तू गप्प का?" पलीकडे आई विचारत होती.

मामाने कान दाराकडे लावले. बायकोनेच आजवर एक शब्द काढला नव्हता. सकाळी गुडघा धरलेला असायचा, म्हणून तो जिना उलटा उतरायचा, वरच्या पायऱ्यांकडे तोंड करून, कठडा धरून, लहान मूल उतरतं तसा. ती रोज खाली उभी राहून ते बघायची आणि मग चहा ओतायला आत जायची. तिला काय वाटतं, ते तिलाच ठाऊक. मामाला फक्त तेवढंच ऐकायचं होतं.

"मला विचाराल तर..." बायको म्हणाली.

आणि कापसाचा एक तंतू अलगद त्याच्या गालावर येऊन टेकला.

मैदान पांढरं होतं. पिंजलेला कापूस गुडघ्यापर्यंत साचला होता आणि त्यातून पळताना पायाला काही लागत नव्हतं, काही दुखत नव्हतं. चेंडूचा आवाज येत नव्हता. मामा पुढे उभा होता, नेहमीच्या जागेवर, आणि सगळे त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखे पुढे जात होते. तो हाका मारत होता, पण हाकाही कापसातच पडत होत्या. मग त्याला वाटलं, उलटं चालून बघावं. घरी जिन्यावर चालतो तसं. एक पाऊल मागे टाकलं तर डावीकडची रेषा दिसली. आणखी एक टाकलं, तर भाचा दिसला, चेंडू येण्याआधीच जागा धरून उभा असलेला. तो मागे मागे जात राहिला आणि मैदान उलगडत राहिलं. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुणाचा बूट सैल झालाय, कुठे भोक पडणार आहे, सगळं दिसायला लागलं. त्याने हाक मारली. या वेळी ती पोचली. अगदी मागे, गोलात, गादी टाकून बाबा झोपले होते.

"बाबा, उठा! चेंडू येतोय."

"येऊ दे," बाबा कूस बदलत म्हणाले. "तू आहेस ना पुढे."

मामा जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मिशीत कापूस अडकला होता. पलीकडे बोलणं संपलेलं होतं, कपबश्यांचा आवाज येत होता. क्षणभर त्याला फार बरं वाटलं, सुट्टीच्या दिवशी वाटतं तसं. आणि मग काय झालंय ते ध्यानात आलं.

त्याला झोप लागली होती. खरीखुरी. निकाल लागला होता आणि ज्याचा निकाल, तो घोड्याएवढा माणूस भरदुपारी ढाराढूर झोपला होता! आता विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आधी झोप कबूल करावी लागली असती, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी डुलकी लागणारा गडी उद्या खेळेल काय, हे ठरवायला मग कोच कशाला हवा होता? भिंतीवरच्या खिळ्याला बाबांच्या किल्ल्या लटकत होत्या. बहिणीने स्वतःसाठी दुसऱ्या बनवून घेतल्या होत्या. या काढायला तिचा हात धजला नव्हता.

मामा तोंडावर पाणी मारून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेरच्या खोलीत आला. सगळे आपापल्या जागी. कुणी काही बोललं नाही, ते रीतीला धरूनच होतं. पण मामा चेहरे वाचायला लागला.

बहिणीचे डोळे लाल होते. तिने त्याच्यापुढे कप ठेवला आणि मान फिरवली.

कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा," तो म्हणाला, "मन मोठं लागतं. एवढंच बोलतो. जास्त बोलता येत नाही मला."

भाचा खाली बघत होता. कान तांबडे झाले होते. "मामा, नऊ नंबर..." तो चाचरला. "मी नीट जपेन."

"अरे! बोलायचं नाही," आजी म्हणाली.

"मी ठरलेलं कुठे बोललो, आजी? जपेन म्हटलं फक्त."

आणि खिडकीपाशी बायको बसली होती. तिच्या मांडीवर त्याचा शर्ट होता. बारीक कात्रीने ती पाठीवरच्या नऊ नंबराचा एकेक टाका उसवत होती. वर बघितलंही नाही तिने. दोऱ्याचे तुकडे जमिनीवर पडत होते.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मामाला समजलं. सगळ्यांनी मिळून, एकमताने, अगदी प्रेमाने ठरवलं होतं. बायकोनेसुद्धा. त्याने चहाचा घोट घेतला. आता एकच गोष्ट आपल्या हातात उरलीय, त्याला वाटलं. कुणी मागायच्या आत द्यायचं. हसत द्यायचं. खुंटीवरच्या बॅगेतून त्याने कर्णधाराचा पट्टा काढला, आणून टेबलावर कपांमध्ये ठेवला आणि भाच्याकडे सरकवला.

"घे," तो म्हणाला. "घट्ट बांध. घामाने सरकतो."

खोलीत कुणी हललं नाही. भाच्याने हात पुढे केला नाही. बहिणीच्या हातातली बशी तशीच राहिली. कोचचं तोंड उघडं पडलं होतं. बायकोची कात्री टाक्यात थांबली आणि ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू त्याने तिला भर रस्त्यात ओळख दाखवली नव्हती.

आणि मामाला ही शांतता ओळखीची वाटली. ही त्याने आधी कुठेतरी पाहिली होती. हेच टेबल, कपांमध्ये ठेवलेली वस्तू, दुखावलेले, गोंधळलेले, काही बोलता न येणारे चेहरे. त्यातला एक चेहरा त्या दिवशी त्याचा स्वतःचा होता. एवढं ऐकूनही बाबा उठून का गेले?

बाबांनी काही ऐकलंच नव्हतं.

"मला झोप लागली होती," मामा म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. त्याने पुन्हा म्हटलं, "मघाशी. आत. खरंच झोप लागली मला. काय ठरलं ते मला माहीत नाही."

"दादा!" बहीण एवढंच म्हणाली.

आई मात्र दचकली नव्हती. ती चहात साखर ढवळत राहिली. "त्यालाही लागली होती," ती म्हणाली. "तुझ्या बाबाला. आजारपणात, शेवटी शेवटी सांगितलं मला. म्हणाला, मी उठलो तेव्हा तू रडलेली दिसलीस, थोरला माझ्याकडे बघेना, मला वाटलं काढलं मला. मग म्हटलं, यांना मागायला लावू नये. आणि मला शपथ घातली, की पोरांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे मी मनाने सोडलं."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"नियम ना!" आईने चमचा बशीत टाकला. तो जरा जोरातच वाजला. "इतकी वर्षं तो बाहेरच्या बाकावर बसला, कारखान्याकडे पाठ करून. मी रोज त्याला चहा नेऊन दिला आणि गप्प बसले. आता खड्ड्यात गेला तो नियम. सूनबाई, तू काय बोललीस ते सांग याला. पहिल्यापासून."

बायकोने शर्ट बाजूला केला नाही. ती त्याच्याकडे न बघता, शर्टाशीच बोलावं तसं बोलली.

"मी म्हटलं, मला विचाराल तर यांना पुढे ठेवू नका. पुढे पळायचं असतं. यांना मागे ठेवा. रोज सकाळी हे जिना उलटे उतरतात, मी बघते. मला आधी रडू यायचं. मग लक्षात आलं, उलटं उतरताना यांना सगळं घर दिसतं. कुणाचा दिवा राहिलाय, कुठल्या खिडकीचं दार वाजतंय, खाली येईपर्यंत यांनी चार जणांना चार कामं सांगितलेली असतात. सरळ उतरत होते तेव्हा कधी सांगितली नव्हती." तिने नाक पुसलं. "मी काही फुटबॉल खेळलेली नाही. पण मागून ओरडणारा माणूस लागत असेल ना कुणीतरी?"

स्वप्नातलं मैदान कुठून आलं होतं, ते मामाला आत्ता कळलं.

"मला हे सुचायला हवं होतं, दादा," कोच म्हणाला. "दोघांपैकी एक, दोघांपैकी एक, एवढंच घोकत बसलो. तुम्ही बचावात, मधोमध. तो पुढे. ठरलं ते एवढंच. पण जन्मभर गोल मारले तुम्ही, आता अडवायला उभं राहायचं. म्हणून म्हटलं मन मोठं लागतं."

बायकोने शर्टाखालून कापडी आकडा काढून दाखवला. चार नंबर होता. आधीच कापून ठेवलेला.

मामाने तो आकडा बोटांनी चाचपला. आनंद झाला होता का? झाला होता, आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच घोटात गिळावं लागत होतं. नऊ नंबर गेला होता, कायमचा. "माझ्या मागे कुणी चेंडू घेऊन सुटला," तो सावकाश म्हणाला, "तर मी त्याला गाठू शकणार नाही. हे सगळ्यांना ठाऊक असू दे. आणि तसं उद्या झालं, तर सामना माझ्यामुळे जाईल."

कुणी "छे, छे" म्हटलं नाही. तेवढं खरं बोलणं आज या घराला परवडणार होतं.

"म्हणून तर तो सुटायच्या आधी ओरडायचं, मामा," भाचा म्हणाला. त्याने पट्टा उचलला, मामाचा दंड धरला आणि तिथेच, घरच्या सदऱ्यावर, घट्ट बांधला. "माझा आवाज तर कठड्यावरून पोचायचा. तुमचा पोचणार नाही का?"

बायकोने सुईत दोरा ओवला. बहीण तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, द्या इकडे, तुमचे टाके पहिल्या धक्क्याला सुटतील." त्यावर दोघींची थोडी हमरीतुमरी झाली, आणि कोणाचा टाका पक्का यावर कोचने आपल्या बायकोची बाजू घेतली. आठवडाभरात पहिल्यांदाच.

मामा आईजवळ येऊन बसला. "तू दचकली नाहीस," तो हळूच म्हणाला. "तुला माहीत होतं."

"मी मध्येच दारातून डोकावले होते. तुझ्या बाबाच्या वेळी डोकावले नव्हते, ते मनाला लागून राहिलंय." आईने त्याच्या मिशीतला कापूस काढला. "तू आपणहून कबूल करतोस का, ते बघत होते. नसता बोललास, तर मी बोलले असते."

"डोकावलीस, तर मग उठवलं का नाहीस?"

कापसाचा तो धागा आईने बोटांत चोळून त्याची बारीकशी वात केली.

"तुझे पाय हलत होते," ती म्हणाली. "खेळत होतास. खेळणाऱ्याला कोण उठवतं?"